गेट वेल्डिंगला गेलंय

माणसाला माणसापासून तोडणाऱ्या भिंती एक दिवस आपोआप गळून पडतील, यावर आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांची गाढ श्रद्धा आहे. दर ध्वजवंदनानंतर ते हे सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा कापतो. आमची भिंत मात्र आपोआप गळून पडू नये म्हणून त्यांनी ती दोन फुटांनी वाढवून घेतली आहे आणि वर काचा बसवल्या आहेत.

मोशीत जिथं पूर्वी कांद्याची शेतं होती तिथं एकाच बिल्डरनं फेज वन आणि फेज टू अशा दोन वसाहती बांधल्या. दोन्हींचा नकाशा सारखा, रंग सारखा, गळणारी ठिकाणंही सारखी. फरक एवढाच की आमच्या फेज वनमधली बहुतेक मंडळी हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसतात आणि फेज टूमधली चाकणला मशिनसमोर उभी राहतात. आम्हाला सुटी शनिवार-रविवारी, त्यांना गुरुवारी. त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना भांडायला एक सामाईक दिवस असा मिळतच नसे आणि पहिली काही वर्षं फार सलोख्यात गेली. मधल्या भिंतीत एक माणूस जाईल एवढं लोखंडी गेट होतं. ते कुणी बंद करत नसे, कारण ते आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

मग जगात युद्ध सुरू झालं. कोणतं ते आता नक्की सांगता येणार नाही. एक संपायच्या आत दुसरं लागत होतं. अध्यक्ष रोज सकाळी ग्रुपवर रडणाऱ्या पृथ्वीचं चित्र टाकू लागले. खाली लोक हात जोडत. एकदा त्या जोडलेल्या हातांच्या खालोखाल कुणीतरी लिहिलं, की आपलं छोटं गेट सुरक्षेच्या दृष्टीनं धोकादायक आहे. परदेशातल्या रणांगणावरून आमच्या छोट्या गेटपर्यंत यायला चर्चेला एक संध्याकाळ पुरली.

सभा झाली. फेज टूमध्ये पाच-सहा मुसलमान कुटुंबं आहेत, थोडे बिहारकडचे भाडेकरू आहेत. सभेत त्यांचा उल्लेख कुणी केला नाही. "हल्ली तिकडं कोण कोण राहायला येतं काही सांगता येत नाही," एवढंच सगळे म्हणाले. नाव न घेता बोलण्याच्या बाबतीत आमची सोसायटी उच्चशिक्षित आहे. शेवटी दोन ठराव आले. जगातल्या राष्ट्रांनी संवादाची दारं खुली ठेवावीत, हा पहिला. छोटं गेट कायमचं बंद करावं, हा दुसरा. पहिला ठराव कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते ठरलं नाही म्हणून तो तसाच राहिला. दुसऱ्याच्या विरोधात मी हात वर केला. अध्यक्षांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा एकच हात आहे, एका हातासाठी एकमत कशाला मोडायचं?" ठराव एकमतानं मंजूर झाला आणि त्याच रात्री गेटला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच मजल्यावर भाड्यानं राहणारी लातूरकडची मुलगी दारात आली. कडेवर तिची दोन वर्षांची लेक. ही आणि हिचा नवरा दोघंही चाकणला, वेगवेगळ्या कंपन्यांत. हिची दुसरी शिफ्ट असली की त्याची पहिली असते, म्हणजे ही दुपारी निघते आणि तो तासाभरानं परत येतो. मधल्या तासात लेकीला आईही नसते आणि बापही. तो तास ती फेज टूमधल्या चाचीकडे काढायची. चाची म्हणजे देहू-आळंदी रस्त्यावर टू-व्हीलरचं गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकची बायको. कंपनीची बसही फेज टूच्या मागंच थांबते. छोट्या गेटमधून गेलं, लेक चाचीच्या हातात दिली, की बस. सगळा संसार त्या गेटमधून जात होता.

"काका, मीटिंगला तुमी होतात म्हणं?"

"होतो."

"मग काय केलंत?"

"विरोध केला."

"आन् मग?"

"एकमतानं मंजूर झालं."

तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. शिकल्या-सवरल्या माणसांकडून तिच्या अपेक्षा आधीच बेताच्या असाव्यात.

"आता हिला कुठं ठिवू सांगा. आपल्या बिल्डिंगीत समद्यांना विचारून झालं. लेकरू लई गोड वाटतंय समद्यांना, पर तासभर सांभाळा म्हणलं की कुणी व्हय म्हणंना. आन् पुलाकडून वळसा मारून गेलं तर बस जाती. ट्रेनीचं काय असतंय, दोन-तीनदा बस चुकली की उद्यापासून येऊ नका. नोकरी सोडावी लागंल बघा."

तिच्या पगारावर त्यांच्या घराचं भाडं जात होतं. नोकरी सुटली तर दोघांना गाव गाठावं लागणार होतं, हे तिनं सांगितलं नाही. मला नवऱ्याकडून कळलं.

मी निवृत्त आहे, म्हणजे दुपारी माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. आम्ही एक पद्धत बसवली. ती गेटपाशी जाऊन लेकीला वर उचलायची, पलीकडून चाची हात वर करायची आणि गेटच्या टोकांवरून लेक पलीकडे जायची. मग मी तिच्या आईला स्कूटरवर घेऊन, पुलावरून, कंटेनरांच्या मधून वाट काढत बसपाशी सोडायचो. लेकीला हा प्रकार फार आवडे. वरून जाताना ती दोन्ही फेजकडे बघून हात हलवायची.

"देख के, देख के, उसका पैजन अटकेगा," चाची पलीकडून ओरडायची. आणि मला, "भाईसाब, आपके अध्यक्ष को बोलो, लेना हो तो मेरा आधार कार्ड ले लो, गेट खोल दो!"

टीव्हीवर दोन देश कैद्यांची अदलाबदल करतात तेव्हा तिथं कॅमेरे असतात. आमच्याकडेही होते, सोसायटीचेच. दोन आठवड्यांत सूचनाफलकावर कागद लागला: "गेटवरून वस्तू व व्यक्तींची देवाणघेवाण करू नये." त्याखाली, गेटला पार भिंतीच्या उंचीपर्यंत पत्रा मारून घेण्याचं ठरलं आहे, अशी ओळ होती.

मी अध्यक्षांकडे गेलो. ते मोठ्या कारखान्यात पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे माणसाला नाही म्हणताना आधी चहा पाजतात.

"त्या मुलीबद्दल मला सहानुभूतीच आहे हो," ते म्हणाले. "पण एकाला सवलत दिली की रांग लागते. आणि तुम्ही समजता तसं माझ्या मनात काही नाही. माझा मेकॅनिक कित्येक वर्षं त्यांच्यातलाच आहे. हात सोन्याचा."

"त्याच्याच बायकोकडे असते ती लेक."

"हो का?" त्यांना खरंच आनंद झाला. "मग तर चांगल्या घरात असते. पण नियम तो नियम."

मी परत येऊन त्या मुलीला सांगितलं. "पत्रा लागला की मी राजीनामा टाकते, काका," ती म्हणाली. "रोज रोज तुमाला तरी किती पळवू?"

पत्रा त्याच आठवड्यात लागायचा होता, पण मध्ये विश्वशांती आली. अध्यक्षांनी मानवी साखळीचा कार्यक्रम ठरवला होता. क्लबहाऊसभोवती सगळ्यांनी हात धरून गोल उभं राहायचं, म्हणजे पृथ्वी. वरून ड्रोननं फोटो. प्रमुख पाहुणे म्हणून महापालिकेच्या निवडणुकीत उभे राहू इच्छिणारे एक गृहस्थ. पाहुण्यांची वेळ घेतली, मंडप सांगितला, केशरी-पांढरे फुगे आले. दिवस अध्यक्षांनी सुटीचा वार पाहून नक्की केला होता. गुरुवार.

आयुष्यभर एमआयडीसीत काढलेल्या माणसाला सुटी म्हटलं की गुरुवारच आठवतो. आदल्या संध्याकाळी सेक्रेटरींनी विचारलं, "सर, उद्या आपली माणसं कुठायत?" सगळी फेज वन दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असणार होती. साखळीला उरलो आम्ही निवृत्त, दोन आज्या आणि वॉचमन. एवढ्यात पृथ्वी तर सोडाच, चंद्रकोरही झाली नसती.

फेज टू मात्र गुरुवारी भरलेली असते.

गुरुवारी सकाळी अध्यक्षांनी स्वतः फेज टूला फोन केले. माणसं झटकन यावीत आणि काम एकाच खेपेत व्हावं म्हणून त्यांनी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून गेट बिजागऱ्यांतून उतरवलं. हा फॅब्रिकेशनवाला मोशी गावठाणातला. आमच्या सोसायट्या ज्या कांद्यावर उभ्या आहेत त्यातला थोडा त्याच्या वडिलांचा. अध्यक्ष म्हणाले, "गेट घेऊन जा, पत्रा वेल्ड कर आणि संध्याकाळी परत लाव."

"व्हय साहेब, संध्याकाळी आणतो," असं म्हणून तो गेट टेम्पोत टाकून घेऊन गेला.

त्या उघड्या भगदाडातून माणसं आली. मुलंबाळं, टोपीवाले, ओढणीवाल्या, नाइट शिफ्टवरून येऊन न झोपलेले. गोल झाला. पाहुण्यांना उशीर झाला. ड्रोन कधी उडेल सांगता येत नव्हतं, त्यामुळे हात सोडायची चोरी. अध्यक्षांच्या एका हातात सेक्रेटरी आले होते आणि दुसऱ्या हातात त्यांचा मेकॅनिक.

"साहेब, ब्रेक लागतो का नीट?"

"लागतो रे, पण किर्रर्र असा आवाज येतो."

"मागचा की पुढचा?"

"मागचा."

"लायनर गेलं असंल. उद्या पाठवून द्या गाडी."

असा त्या दोघांमध्ये बराच वेळ संवाद झाला. राष्ट्रांनाही कुणी अर्धा तास हात सोडू दिला नाही तर तीही बहुधा ब्रेकच्या लायनरवर येतील. पण मला उगाच आशावादी व्हायचं नाही, कारण मेकॅनिकच्या पलीकडेच ती मुलगी उभी होती आणि तिनं हात न सोडता विचारलं, "साहेब, उद्यापासून मी कुठून जाऊ?"

"बेटा," अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "आज शांततेचा दिवस आहे. वैयक्तिक विषय नको."

पाहुणे आले, भिंती पाडण्याबद्दल बोलले, फुगे सुटले. फोटो खरोखर सुंदर आला. उंचावरून पाहिलं की माणसं फार एकोप्यानं राहतात.

संध्याकाळी गेट आलं नाही. शुक्रवारी दुपारी ती लेकीला घेऊन भगदाडापाशी गेली, सवयीनं तिला वर उचललं, मग खाली घेतलं आणि सरळ चालत पलीकडे गेली. मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभा होतो.

सोमवारी अध्यक्षांनी फोन केला. "दोन दिवसांत देतो," असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा दोन दिवस. भगदाडावर दोरी बांधली, ती दुसऱ्याच दिवशी कुणीतरी फेज टूच्या मंडपाला नेली. "प्रवेश बंद" अशी पाटी लावली, तिच्या शेजारून माणसं जातात. कागदोपत्री गेट बंद आहे. ठराव कायम आहे. ती मुलगीही नोकरीवर कायम झाली. दुपारी भिंतीपलीकडून चाचीचा आवाज येतो, "आ गई मेरी शहजादी!" आणि मी कादंबरी वाचत पडतो.

मला मनातून त्या फॅब्रिकेशनवाल्याचं कौतुक वाटू लागलं होतं. ठराव, पाटी, दोरी या सगळ्यांपुढे हा माणूस एक अक्षर न बोलता, नुसतं "दोन दिवसांत" म्हणत, गेट दाबून बसला होता. सत्याग्रह म्हणावा असंच काहीतरी. मागच्या महिन्यात न राहवून मी त्याच्या शेडवर गेलो आणि हे त्याला बोलून दाखवलं.

त्यानं डोळ्यांवरची काळी काच वर केली.

"न्हाई ओ काका, तसलं काय डोक्यात बी न्हाई. तुमचं गेट त्या कोपऱ्यात हाय बघा. पत्रा बी कापून ठिवलाय. पर आमी तरी काय करावं राव, हात रिकामा व्हईना. हितनं चाकणपातुर समद्या सोसायट्यांना गेटं पायजेत."

शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. नव्या ऑर्डरी तो दिवाळीनंतरच्या घेत होता.