अंबाजीरावांचं अर्थिंग

अंबाजीरावांना राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या मंगळवारी मात्र कारण होतं, आणि ते हाताला प्लास्टर घालून समोरच्या खुर्चीत बसलं होतं.

यशस्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पहाटे साडेपाचला ती नेहमीप्रमाणे म्हैसूरमधल्या चामराजपुरमच्या घरातून मोटारसायकल घेऊन निघाली होती. मागे जोडलेली दोन चाकांची ट्रॉली, ट्रॉलीत इडल्यांचे डबे आणि सांबाराची पातेली. कुवेंपुनगरात ऑफिसला जाणाऱ्यांना नाश्ता विकायचा, हा तिचा तीन वर्षांचा उद्योग. धुकं होतं. वळणाच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, तिने ब्रेक मारला आणि मागून येणारी रिक्षा ट्रॉलीवर आदळली. डावा हात मोडला, सांबार रस्त्याला मिळालं. आणि जमलेल्या लोकांपुढे रिक्षावाला नरसिंहमूर्ती म्हणाला, की ट्रॉलीला दिवाच नव्हता.

हे वाक्य कानावर पडलं आणि अंबाजीरावांच्या लेखी मुलीचा हात बाजूलाच राहिला. कारण त्या ट्रॉलीचे दिवे त्यांनी स्वतः जोडले होते.

हा माणूस म्हैसूरच्या जुन्या घोडदळातल्या एका शिलेदाराचा पणतू. तलवार कधीच गेली, घोडा गेला, वंशात उतरला तो फक्त आवाज. चौदाव्या वर्षापासून गाड्यांच्या वायरी हातात, पस्तीस वर्षं स्वतःचं दुकान. वायरला वायर पिळून वर टेप गुंडाळणाऱ्या मेकॅनिकचा त्यांना मनापासून तिटकारा होता. अशी गाडी दुकानात आली तर आधी मालकाला झाडायचे, मगच पाना हातात घ्यायचे. स्वतःच्या कामात मात्र खोट नाही. मुलीच्या ट्रॉलीला त्यांनी मोटारसायकलच्या मागच्या दिव्यापासून वायरी काढल्या, प्रत्येक सांधा डाग देऊन पक्का केला आणि मध्ये सॉकेट बसवलं. अर्थिंग तर ट्रॉली अडकवायच्या हुकावर सोडलंच नाही, त्याची वेगळी वायर ओढून ट्रॉलीच्या सांगाड्यावर बोल्टाने आवळली. असं काम अख्ख्या शहरात कोणी करत नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"दिवा नव्हता म्हणतो! त्याला आज लिहून द्यायला लावतो, नाहीतर पोलिसांत जातो," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

"अहो, सुम्ने, गप्प बसा की," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरगी वाचली ते बघा."

"अप्पा, जरा माझं ऐका," यशस्विनी म्हणाली.

"तू बोलू नकोस. तुला काय कळतं त्यातलं?"

रिक्षा स्टँडवर सात-आठ जण उभे होते. नरसिंहमूर्ती कपाळाला पट्टी लावून स्वतःच्या रिक्षेत बसला होता, पुढची काच फुटलेली. अंबाजीरावांनी कन्नडमध्ये त्याची अशी हजेरी घेतली, की पलीकडच्या दुकानातले लोक बाहेर आले. झोपेत गाडी चालवतोस, पोरीचा हात मोडतोस आणि वर माझ्या कामाला नाव ठेवतोस? त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. अंबाजीरावांना धाप लागल्यावर तो बोलला.

"दिवा नव्हता म्हटलं ते चुकलं, स्वामी. दिवा होता. लांबून दिसत होता, मी त्याच्या अंदाजानेच मागे चालवत होतो. तिने ब्रेक मारला असेल तेव्हा तो एकदम गेला, आणि मोटारसायकलचा दिवा तर डब्यांच्या आड होता. मला वाटलं गाडी वळून गेली. रस्ता मोकळा आहे समजून मी पुढे आलो."

दुसऱ्या कोणाला ही थाप वाटली असती. पण चालू दिवा ब्रेक मारल्यावर विझतो, अशी थाप वायरिंग न शिकलेल्या माणसाला मारताच येत नाही. हे लक्षण त्यांनी शेकडो गाड्यांत पाहिलं होतं. दिव्याचं अर्थिंग तुटलं की करंटला परतायला स्वतःची वाट उरत नाही. मग तो ब्रेकच्या दिव्याच्या वायरीतून चोरवाटेने परततो आणि दिवा आपला जळत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. ब्रेक दाबला की त्याच वायरीत पलीकडून करंट येतो, चोरवाट बंद होते आणि जेव्हा दिवा हवा नेमका तेव्हा अंधार होतो.

ते तडक घरी आले. ट्रॉली अंगणात आणून टाकली होती, एक दिवा फुटलेला, दुसरा धड. त्यांनी मोटारसायकलला सॉकेट जोडलं, किल्ली फिरवली. दिवा लागला. पायाने ब्रेक दाबला. दिवा गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला.

मग त्यांनी अर्थिंगचा बोल्ट पाहिला. त्याच्याखाली हिरव्यागार ऑइलपेंटचा जाड थर होता. आयुधपूजेला दुकानातली हत्यारं, घरच्या गाड्या, सगळं घासून रंगवायचं आणि मग हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नेम, आणि त्याला ते दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. या दसऱ्याला ट्रॉलीही त्यांनीच रंगवली होती. बोल्ट काढला, खाली रंग मारला आणि पूजेची वेळ टळेल म्हणून खालचं लोखंड न खरवडताच वायर परत आवळली. दुसऱ्याने हे केलं असतं तर अंबाजीरावांनी त्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"दसऱ्यापासून असंच होतंय, अप्पा." यशस्विनी दारात उभी होती.

"दसऱ्यापासून? महिना उलटून गेला. आणि मला सांगितलं नाहीस?"

आवाज चढलाच. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई आत निघून गेली. यशस्विनी एक पाऊल मागे सरकली. त्यांनी ते पाहिलं.

"दोनदा दुकानात आले होते सांगायला. तुम्ही गिऱ्हाइकावर ओरडत होतेत. माझ्या कामात खोट काढतेस म्हणून मलाही ओरडला असता. म्हणून मी ब्रेकच कमी मारायची. गिअर उतरवून उतरवून गाडी थांबवायची. आज कुत्रं आलं, मग काय करणार?"

"मीच म्हटलं तिला, सांगू नको म्हणून," आतून रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दसऱ्याचे चार दिवस तरी घर शांत राहू दे म्हटलं."

अंबाजीराव खाली बसले. कानस घेऊन त्यांनी रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडला, वायर आवळली. राग गेला नव्हता. तो मनगटात होता, कानशीत होता, फक्त आता त्याला बाहेर कोणी माणूस मिळत नव्हता. त्यांनी ब्रेक दाबला. दिवा लखलखला.

मग ते पुन्हा स्टँडवर गेले. तेच सात-आठ जण होते. "तप्पु नंदे," चूक माझीच, हे त्यांनी सकाळी ओरडले होते तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, कारण हळू बोलायची सवय नव्हती. रिक्षेची काच मी बसवून देतो म्हणाले. नरसिंहमूर्तीने मान हलवली आणि पोरीचा हात कसा आहे ते विचारलं. सकाळपासून हे आपण स्वतः एकदाही विचारलेलं नाही, हे अंबाजीरावांना तेव्हा कळलं.

घरी येऊन ते मुलीसमोर बसले.

"हात दुखतोय का?"

"थोडा."

"आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

तिने आधी त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला. "डावा इंडिकेटर दोन महिने लागत नाही," ती हळूच म्हणाली.

अंबाजीरावांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. "बरं. पुढे सांग."

ती सांगू लागली. एकेक म्हणता पुष्कळ निघालं. त्यातलं गाडीचं थोडंच होतं. ते ऐकत राहिले. इतक्यात रुक्मिणीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.