पडद्याची उलटी बाजू

काल भंडाऱ्यात नवं लुगडं उलगडताना खळीचा वास आला आणि म्हैसूरचा राजवाडा आठवला. नवी नोकरी, गळ्यात कॅमेरा, सोबत बाबा. ऐट राजापेक्षा माझीच जास्त. जन्मभर मागावर बसलेल्या बाबांनी दरबारातल्या पडद्याचा काठ उलटून पाहिला. आम्ही कोष्टी कापड मागूनच पारखतो.

"अरे पाह्य, मांगूनबी गाठ दिसत नाही!"

पहारेकरी ओरडला, "ये किसके साथ हैं?" सगळे वळले. मी कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणालो, "पता नहीं."

बाबांनी ऐकलं. उरलेला राजवाडा त्यांनी हात पाठीमागे बांधून पाहिला. घरी आल्यावर शेजाऱ्यांना मात्र म्हणाले, "पोरानं हात धरून दाखवला मले राजवाडा." मी तिथंच बसून चहा प्यालो. बाबा गेले; शेजारी अजून आपल्या मुलांना माझंच उदाहरण देतात.