दोन्ही हातांनी

“बामन मासा धरतं नि परत सोरतं. येरं झालंय का काय!” धुणं धुणारी आगरी बाई हसून वेड्यात काढत म्हणाली. होडक्यात एकटे बसलेले ते आमचे कल्याणचे शेजारी होते. ठाकुर्लीच्या मावशीजवळ काठावर उभी असूनही, आपलंही हसं होईल म्हणून मी ओळख दिली नाही.

कल्याणच्या तळ्यावर ‘ब्राह्मण असून मासे धरता?’ म्हणून लोकांनी हटकल्यापासून ते गळ घेऊन ठाकुर्लीकडच्या या परक्या तळ्यावर येत. मिशनच्या इंग्रजी शाळेत जाते म्हणून सगळी आळी मला टोमणे मारी, ते मात्र “अभ्यास चाललाय ना? असो,” एवढंच म्हणत.

मासा लागला की गळ हलकेच काढायचा आणि विसर्जनाच्या मूर्तीसारखा तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचा, हा त्यांचा नेम होता.

त्या दिवशी वारा पिसाटला होता. होडकं खोल पाण्याकडे ओढलं जात होतं, तरी मासा लागताच त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तो सोडायला ते ओणवे झाले. वल्हं घसरून पाण्यात पडलं. त्यांनी मान वर केली नाही.

बाईचं हसणं थांबलं. गप्प राहा म्हणून मावशीने माझा हात दाबला. तरी मी ओरडले, “काका, मासा राहू द्या, आधी वल्हं धरा! मी इथे आहे, काका!”