पाचपैकी पाच समाधानी

आमच्या बँकेच्या मालाड शाखेत कर्मचारी समाधानाचा सर्व्हे दरवर्षी एकाच पद्धतीने भरला जायचा. मॅनेजरसाहेब सगळ्यांना चहा मागवायचे आणि सांगायचे, पाचपैकी पाच टाका, शाखेचं नाव खराब व्हायला नको. चहा संपेपर्यंत आम्ही सगळे पाचपैकी पाच समाधानी झालेले असायचो. मी मात्र तो चहा अर्धाच प्यायचे.

कारण बायकांच्या टॉयलेटमध्ये जुन्या फायली रचल्या होत्या. शाखेत बाई मी एकटीच, म्हणून 'थोडे दिवस' ठेवलेल्या फायली तीन वर्षं तिथेच मुक्कामाला. मला समोरच्या दातांच्या दवाखान्यात जावं लागे, तेही तिथल्या रिसेप्शनिस्टचा मूड बघून. शेवटी मी कामावर पाणी पिणंच सोडलं. मग युरिन इन्फेक्शन झालं, तापाने फणफणले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या बँकेत पाणी मिळत नाही का?" माझं डोकंच फिरलं.

पुढच्याच आठवड्यात सर्व्हे आला. नाव लिहायचं नव्हतं. मी सगळीकडे ठसठशीत एक टाकला, सूचनांच्या रकान्यात फायलींची अख्खी कहाणी लिहिली आणि बटण दाबलं. इतकं भारी वाटत होतं की शेजारच्या काउंटरवरच्या मित्राला सांगितल्याशिवाय राहवेना. त्याने कपाळावर हात मारला.

"वाट लागली तुझी. शाखा भरलीस, स्त्री की पुरुष तेही भरलंस ना? मग नाव कशाला हवं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता बदली नक्की, पार कुठेतरी लांब, असं धरूनच मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वरच्या ऑफिसातून फोन आला होता.

"मला आधी सांगायचं ना, मॅडम."

"तीनदा सांगितलं होतं, सर."

साहेबांनी तिथूनच फोन करून टेम्पो सांगितला. दुपारी टेम्पो आला. सगळ्या शाखेने हातोहात फायली बाहेर काढल्या, साहेबांनीसुद्धा बाह्या सरसावल्या. आत नवा बल्ब लागला, नळाला पाणी आलं. मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं.

काउंटरवर परतले, ड्रॉवरमधली बाटली काढली आणि एका दमात रिकामी केली. रांगेतले आजोबा म्हणाले, "सावकाश, बाळ." मी मान डोलावली आणि उठून बाटली पुन्हा भरून आणली.