तंबोऱ्याची गवसणी

जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या घरी गाणं शिकायला कुणी नवं आलं, की सून त्याला आधी तंबोऱ्याची गवसणी दाखवते. आमच्या बाबांनी शिवलीय, म्हणते. शेजारच्या खोलीत मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

मग ती दुसरी गोष्ट सांगते. तिच्या गाण्याच्या बाईंनी लग्नात दिलेला मिरजेचा तंबोरा तिच्या हलगर्जीपणामुळे फुटला. म्हणून रियाज संपला की वाद्य आडवं ठेवायचं, कितीही घाई असली तरी. मुलं मान डोलावतात. ही गोष्ट खरी नाही, आणि ते फक्त मला माहीत होतं.

भूकंपाच्या त्या वर्षी मी नुकताच पुण्याहून मुलाकडे राहायला आलो होतो. घर लहान. सून तंबोरा खिडकीखाली घडी घातलेल्या गादीवर आडवा ठेवायची, कारण इथे जमीन कधी हलेल याचा नेम नाही. त्या दिवशी सकाळचा रियाज उरकून ती नातीला शाळेत सोडून कामावर गेली. मी केर काढत होतो. वळताना माझा पाय तंबोऱ्याला लागला. वाद्याला पाय लागू नये, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी वाकून हात लावून नमस्कार केला, आणि पुन्हा कुणाचा पाय लागू नये म्हणून तो उचलून कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला. अगदी भक्तिभावाने.

दुपारी दूध आणायला खालच्या कोंबिनी दुकानात गेलो होतो तेव्हा जमीन हलली. लिफ्ट बंद पडली होती, जिने चढून वर आलो. कपाटातली भांडी खाली आली होती, पुस्तकं पसरली होती, आणि त्यांच्यावर तंबोरा पालथा पडला होता. सुती गवसणीवरून हात फिरवला तर आतल्या भोपळ्याच्या खापऱ्या बोटांना लागल्या.

ट्रेन बंद होत्या. सून नातीला घेऊन चालत आली तोवर अंधार पडला होता. तिने आधी मला पाहिलं, मग कोपरा.

"बाबा, सकाळी घाईत मी उभाच ठेवून गेले वाटतं," ती म्हणाली.

तिने तो आडवा ठेवला होता हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे. माणसं वाचली, हे काय कमी आहे?"

माझ्याच चुकीबद्दल मी तिला क्षमा केली. मुलाने तर नंतर कितीदा तरी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं.

पुढे मुलाने पुण्याहून नवा तंबोरा आणवला. त्याला गवसणी मी शिवतो, असं मी स्वतःहून म्हणालो. माझे वडील शिंपी होते, मशीनवर हात लहानपणीच बसलेला. जुन्या बाजारातून मशीन आणलं, बायकोच्या मागे राहिलेल्या दोन सुती साड्या उसवल्या, एका जुन्या फ्युतोन गादीतला कापूस पिंजून मध्ये भरला आणि गोधडीसारखे धावदोरे घातले. वडील सांगायचे, माणूस जसा वावरतो तसं माप घ्यावं. मी तंबोऱ्याचं माप तो आडवा ठेवून घेतलं. भोपळ्याखाली कापूस इतका ठासून भरला की गवसणीत घातल्यावर तो उभा राहीच ना, कलंडायचा.

सुनेने दोनदा उभा करून पाहिला. "बाबा, हा उभा राहत नाहीये."

"उभा करायचाच कशाला?" मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपल्या चुकीची इतकी काळजी सासऱ्यांनी घेतली. तेव्हाही मी बोललो नाही.

घराबाहेर पडताना ती जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. गॅस बघायची, नळ बघायची, पुन्हा गॅस. मुलगा तिला हसायचा, "आमच्या घरात वॉचमन ठेवायला नको." मी त्या हसण्यात सामील व्हायचो. आज हे सगळ्यात जास्त बोचतं.

यंदा हिवाळ्यात आम्ही डॉक्टरकडे निघालो होतो. ती तिसऱ्यांदा परत फिरली आणि स्वतःशीच म्हणाली, "माझ्यावर भरवसा नाही हो बाबा." मी तिथेच, बूट घालायच्या जागी बसून, तिला सांगितलं. पाय लागला, नमस्कार केला, उभा केला, सगळं.



"मी बाईंना फोन करून रडले होते," ती म्हणाली. "त्या गेल्या. आता त्यांना कोण सांगणार?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. तेवढा हक्क उरला नव्हता. डॉक्टरकडे मात्र तिने मला हात धरूनच नेलं.

पुढच्या शनिवारी एक नवी मुलगी शिकायला आली. सुनेने गवसणी दाखवली, पहिल्या तंबोऱ्याची गोष्ट सुरू केली, आणि मध्येच थांबून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"पुढचं आजोबा सांगतील."

मी वर्तमानपत्र ठेवून बाहेर आलो आणि सांगितलं. ती मुलगी जपानीतच वाढलेली. माझं मराठी तिला किती कळलं कोण जाणे. सून खाली मान घालून तारा जुळवत होती, पण एकेक शब्द ऐकत होती.

संध्याकाळी सून आणि मी भाजी आणायला निघालो. जिन्यापर्यंत गेल्यावर ती थांबली आणि गॅस बघायला परत गेली. मी खाली न उतरता तिची वाट पाहत उभा राहिलो.