पुढची सीट: रोटोटुना ते टाउपो

मुलांकडे न्यूझीलंडला जाऊन तीन महिने सोफ्यावर बसून काढणाऱ्या आईवडिलांना माझं एकच सांगणं आहे. बसू नका. कोणाची गाडी निघत असेल तर तिच्यात चढा. मी अशीच चढले.

२०१६ चा फेब्रुवारी, म्हणजे तिथला उन्हाळा. माझी मुलगी केतकी हॅमिल्टनच्या उत्तरेला, रोटोटुनात राहते. नव्या घरांची वस्ती, प्रत्येक अंगणात ट्रॅम्पोलिन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेजारच्या घरात नूरा राहायची. ती सौदी अरेबियाची, विद्यापीठात पीएच.डी. करत होती.

"आई, वीकेंडला नूरा वडिलांना रोटोरुआ-टाउपो दाखवायला नेतेय. तू जा ना सोबत," केतकी म्हणाली. "ते परत जायचं म्हणतायत. तू त्यांना जरा समजाव."

"मी कोण समजावणारी?"

"आयुष्यभर पालकांनाच समजावलंस ना शाळेत? हेही पालकच आहेत."

ते खरोखरच पालक होते, तेही सरकारी अटीनुसार. नूराच्या शिष्यवृत्तीची अट अशी की, परदेशात तिच्याबरोबर घरचा एक पुरुष राहिलाच पाहिजे. आधी नवरा राहिला. ती प्रयोगशाळेत असताना वरणभात, म्हणजे त्यांचा जो काही असेल तो, तोच शिजवायचा. त्याची रजा संपली म्हणून वडील आले. पंधरवड्यातच कंटाळले आणि सोमवारी तिकीट काढतो म्हणाले. ते गेले तर शिष्यवृत्ती बंद, आणि प्रबंधाची दोन प्रकरणं अजून लिहायची होती.

मला राग आला, पण नवल वाटलं नाही. मी कॉलेजात जायची तेव्हा वडिलांनी माझ्याहून चार वर्षांनी लहान भावाला 'सोबत' म्हणून दिलं होतं. तो बसमध्ये झोपायचा आणि मी त्याला उठवून उतरवायची. फरक इतकाच, की आमच्या सोबतीवर सरकारी शिक्का नव्हता. मी घरात भांडू शकत होते. नूराने कोणाशी भांडायचं?

शनिवारी सकाळी निघालो. नूराच चालवत होती. वडिलांनी तिकडे चाळीसेक वर्षं गाडी चालवली, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने. इथे डावीकडून चालवायची त्यांची तयारी नव्हती. ते मागे बसले, मांडीवर कागदपत्रांची चामडी पिशवी. मी पुढे. घरी त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि नोकर हैदराबादचे, त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. मात्र सगळं हुकमाचं.

"धीरे! ब्रेक मारो! उधर देखो!"

"शेखसाहब, चुप बैठो," मी म्हणाले. माझं हिंदीही शाळेच्या शिपायांवरच पोसलेलं.

नूरा हसू दाबत होती. "आंटी, माझ्या अब्बांना आजवर असं कोणी बोललं नाही."

"उशीरच झालाय."

तासाभरात तिराउ आलं. पत्र्याच्या अवाढव्य कुत्र्याच्या आकाराची इमारत इथली खूण, फोटो काढाच. भूक लागली म्हणून चिप्स घ्यायला गेलो. मी काउंटरवर विचारलं, तळण कशाचं? "बीफ फॅट, लव्ह," बाई अभिमानाने म्हणाल्या. मी शाकाहारी, ते हलाल पाळणारे. दोघं एकाच वेळी एक पाऊल मागे सरलो. शेवटी बागेतल्या बाकावर माझ्या दशम्या, लसणाची चटणी आणि त्यांचे खजूर असं जेवण झालं. सोवळ्याओवळ्याच्या माणसांनी डबा घेऊनच निघावं.

"और दो," शेखसाहेब म्हणाले. मी तिसरी दशमी दिली.

रोटोरुआत जमिनीतून वाफा निघतात आणि गावभर सडक्या अंड्यांचा वास असतो. दहा मिनिटांत नाक सरावतं. उकळत्या चिखलासमोर शेखसाहेब बराच वेळ उभे राहिले. पण गरम पाण्याच्या तलावात बायकापुरुष एकत्र डुंबताना दिसले, आणि ते सरळ गाडीत जाऊन बसले. नूराचा चेहरा उतरला. सोमवार जवळ आला, मला वाटलं.

टाउपोच्या रस्त्यावर पोलीस गाड्या अडवत होते, चालकाने दारू प्यायली आहे का हे तपासायला. शेखसाहेब ताठ झाले. पोलीस खिडकीशी वाकताच त्यांनी मागची काच खाली करून सगळी पिशवीच बाहेर धरली, पासपोर्ट, परवानगीचे कागद, सगळं.

"नो नीड, मेट. शी इज द ड्रायव्हर," पोलीस म्हणाला. मग नूराकडे वळला, माओरीत नमस्कार केला आणि श्वास तपासायचं यंत्र तिच्या तोंडासमोर धरलं. "किया ओरा. यात नाव आणि पत्ता सांगा."

नूराने सांगितलं. यंत्र गप्प राहिलं. "स्वीट ॲज," म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून त्याने जायला हात हलवला.

गाडी निघाली. मग मागून, हुकमाच्या नव्हे, अगदी हळू आवाजात, "मुझे पूछा नहीं."

"नहीं पूछा," मी म्हणाले.

"हमेशा मुझे पूछते. स्कूल, बँक, दवाखाना, एअरपोर्ट. उसको कभी नहीं."

मी डब्यातली उरलेली दशमी मागे दिली. 

रात्री टाउपोला मोटेल, दोन खोल्या, प्रत्येकी दीडशे डॉलर. स्वयंपाकाची सोय आहे, तांदूळ घेऊन जा. सकाळी हुका धबधबा पाहिला. धबधबा म्हणजे निळीच्या पाण्याने भरलेली खवळलेली नदी, आणि पाहायला एक पैसा पडत नाही.

परत निघताना मी मुद्दाम मागे बसले. "मेरे घुटने दुखते हैं. पीछे पाँव आडवे डाल सकती. आप आगे बैठो." शेखसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, ओळखीचं कोणी दिसतंय का म्हणून. टाउपोत! आणि बसले.

वाटेतलं टोकोरोआ गाव मागे पडलं तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, बेटी के घर में तुम दिन भर क्या करती?"

"नातिन को स्कूल से लाती, टमाटर को पानी डालती. बाकी बेटी का हुकूम सुनती हूँ."

"तुम? हुकूम सुनती?" ते पोटभर हसले. मग नूराला अरबीत काहीतरी बोलले. तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले.

"काय म्हणाले?" मी घाबरून विचारलं.

"म्हणतायत, इथे पाय चांगले लांब करता येतात. प्रबंध होईपर्यंत इथेच बसतो."

"चलो!" शेखसाहेब समोर बघत म्हणाले. "गाडी क्यों रोका?"

नूराचा प्रबंध वर्षाअखेरीस पूर्ण झाला. मी पुण्याला परतले, ती तिच्या देशात परतली आणि गाडीत पुन्हा मागे बसू लागली. वडील गोड निघाले म्हणून नियम गोड होत नाही. तो वाईट तो वाईटच. तिला प्रवासाला घरच्या पुरुषाची परवानगी आजही लागते.

पण यंदा, २०१८ च्या जूनमध्ये, तिथे बायकांना गाडी चालवायला मोकळीक मिळाली. परवा नूराने फोटो पाठवला. स्टिअरिंगवर ती. शेजारी शेखसाहेब, सीट पार मागे सरकवून पाय लांब केलेले. मांडीवर पिशवी नाही, खजुरांचा डबा आहे. तोंड उघडं आहे, म्हणजे नक्कीच "धीरे!" म्हणत असणार.