कोंबडीच्या शीसाठी भामरागड

लोक भामरागडला नद्यांचा संगम बघायला जातात. आम्ही कोंबडीची शी आणायला गेलो. हसा, मीही हसले होते.

माझी मैत्रीण शाहीन पशुवैद्यकीला शिकते. तिच्या अब्बूंचं मूल गावात ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड. पिल्लांना रक्ती हगवण लागली की अब्बू नेहमीचं औषध पाजत. पण आता दुप्पट पाजूनही पिल्लं पटापट मरत होती. दुकानदार म्हणे, औषध उत्तम आहे, तुमची निगा कच्ची. अब्बूंनी ते फार मनाला लावून घेतलं आणि शेड विकायची भाषा सुरू केली. शाहीनला संशय, की हगवणीचे जंतूच औषधाला सरावलेत. पण ते दाखवायला, औषध कधी न पाहिलेले जंतू तुलनेला हवेत. ते मिळणार जिथे औषधाचं दुकानच नाही तिथे!

म्हणून डिसेंबरात निघालो. पावसाळ्यात जाऊच नका, रस्ता तुटतो. आलापल्लीला पोटभर खाऊन घ्या, पुढे नुसतं जंगल. एसटीत शेजारच्या बाईंनी शाहीनच्या मांडीवरचा बर्फाचा डबा पाहून विचारलं, "मच्छी हाय का?"

"नाई बाई. येताना कोंबडीची शी राहीन."

बाई खिडकीकडे सरकल्या.

भामरागडजवळच्या एका पाड्यात रैनीबाईंच्या अंगणात कोंबड्या मोकळ्या हिंडत होत्या. शाहीनने हगवण लागलेलं एक मरगळलेलं पिल्लू निवडलं, "मले हेच पायजे" म्हणाली, कागद अंथरून त्यावर टोपलीखाली झाकलं. मग आम्ही संगमावर जाऊन शाळकरी पोरींसारख्या मनसोक्त भिजलो.

परतलो तर टोपली बाजूला आणि चुलीवर रस्सा.

"एवढ्या चांगल्या सोडून हेच काऊन आवडलं?" रैनीबाई म्हणाल्या. "मासच नाई त्याले. म्हून अजून एक कापली."

लांबून आलेल्या पाहुण्याने कोंबडी मागितली, की ती त्याच्या ताटातच जाणार. शाहीन मटकन बसली, आणि तशीच उठली. "आतडी कुठी टाकली?"

परसात आम्ही कुत्र्याच्या आधी पोचलो. हे जंतू राहतात आतड्यातच, म्हणजे शीपेक्षा भारी माल मिळाला! डबा भरला, मग रस्सा चाटूनपुसून खाल्ला.

कॉलेजात काही पिल्लांना भामरागडचे, काहींना मूलचे जंतू देऊन सगळ्यांना तेच औषध पाजून पाहिलं. भामरागडची हगवण लगेच थांबली, मूलची ढिम्म.

"म्हंजे माह्या हातात खोट नव्हती," अब्बू म्हणाले. आणि मग, "पण दवा पाजू पाजू त्या जंतूले पैलवान मीच केलं."

शेड विकलं नाही. जंतूंनी भरलेला जुना भुसा उपसला, शाहीनच्या कॉलेजातल्या सरांना विचारून औषध बदललं. संगमाचे माझे सगळे फोटो धूसर आलेत, त्याचं मला काहीच वाटत नाही. नवी पिल्लं उतरली तेव्हा कित्येक महिन्यांनी अब्बू शेडमध्ये पिल्लांशी गप्पा मारत बसले होते, आणि जेवायला हाक मारली तरी उठेनात.